साउथॅम्प्टन : सातशे वर्षं खेळती राहिलेली हिरवळ

लॉन बोल्स हा हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा नीट पाहिला तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं आणि या खेळातलं भारताचं पहिलं पदक थेट सुवर्णाचं आलं. आमच्या घरी तेव्हापासून या खेळाचं वेड शिरलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथॅम्प्टनला राहणाऱ्या भाचीने त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं, "मामा, जगातलं सगळ्यात जुनं बोलिंग ग्रीन, म्हणजे या खेळाची हिरवळ, आमच्या गावात आहे. १२९९ पासूनचं. मामीला घेऊन या ना बघायला." यंदा योग आला. तिथली 'नाइटहूड' स्पर्धा ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होते, म्हणून तो बुधवार साधूनच निघालो.

१२९९ हे साल डोक्यात नीट बसावं म्हणून एवढंच सांगतो, की तेव्हा देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

मंगळवार : तटाच्या कडेकडेने

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून साउथॅम्प्टन सेंट्रलला जलद गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. भाचीचं घर शर्ली भागात. तिने खिचडी-कढी करून ठेवली होती. जेवून तासभर पडलो आणि चारच्या सुमारास जुन्या गावाकडे निघालो. ऊन होतं, पण वारा असा की सौ.ने शाल काढली ती रात्रीपर्यंत उतरवली नाही.

जुन्या गावात शिरायचं ते बारगेटमधून. हा बाराव्या शतकातला वेशीचा दरवाजा. पूर्वी याच्या दोन्ही अंगांनी तट होता, आता दोन्हीकडून माणसं वाहतात. तिथून पश्चिमेला वळलं की तटबंदी सुरू होते, आणि खाली उतरून बाहेरच्या बाजूने पाहिलं तर भिंतीत ओळीने कमानी दिसतात. त्यांना 'आर्केड्स' म्हणतात. कमानींच्या आत नीट बघितलं की बुजवलेली दारं आणि खिडक्या ओळखू येतात. ती एके काळी व्यापाऱ्यांची घरं होती. तेव्हा समुद्र थेट इथवर यायचा आणि गलबतातून उतरवलेला माल घरातच जायचा. दारूची पिंपं यायची, लोकर जायची. त्या सोयीपायी या बाजूला तट घालायचं राहून गेलं होतं.

१३३८ च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी लोक चर्चमध्ये असताना फ्रेंच आणि जिनोआच्या गलबतांनी हल्ला केला. गाव लुटलं, जाळलं. मग राजाचा हुकूम आला की समुद्राची बाजू बंद करा. व्यापाऱ्यांच्या घरांच्या दर्शनी भिंतींचाच तट झाला आणि दारं दगडांनी चिणली गेली. मी एका चिणलेल्या दारासमोर बराच वेळ उभा होतो. उंबरठ्याची रेघ अजून दिसते. कुणाचं तरी चालतं घर होतं ते.

समोर आता समुद्र नाही. भराव टाकून त्यावर रस्ता आणि दुकानं उभी आहेत, त्यामुळे वेस्टगेटमधून बाहेर पडल्यावर १४१५ मध्ये पाचव्या हेन्रीचं सैन्य इथून गलबतांवर चढलं हे कल्पनेनेच रंगवावं लागतं. जवळच मेफ्लॉवर जहाजाचं स्मारक आहे. अमेरिकेला निघालेलं ते जहाज १६२० च्या ऑगस्टमध्ये आधी इथूनच सुटलं होतं.

*जाणाऱ्यांसाठी :* तटावरचा रस्ता फुकट आहे आणि संध्याकाळी सुंदर दिसतो, पण पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर खालून, आर्केड्सच्या बाजूने चाला. बघण्यासारखं तिथेच जास्त आहे.

बुधवार : उंच टोप्या आणि एक पेनी

सकाळी पाऊस भुरभुरत होता. भाची म्हणाली, "मामा, इथं पावसाकडे बघून कुणी बेत बदलत नाही." दहापर्यंत ढग फाटलेच.

ग्रीन अगदी दक्षिण टोकाला आहे, लोअर कॅनाल वॉक आणि प्लॅटफॉर्म रोडच्या कोपऱ्यावर. या दोन रस्त्यांच्या नावांतच गावाचा बराच इतिहास आहे. तटाबाहेरच्या जुन्या खंदकाच्या वाटेने अठराव्या शतकाच्या शेवटी सॉल्झबरीपर्यंत कालवा न्यायचा घाट घातला गेला. तो पुरा झालाच नाही, पैसे बुडाले, पण नाव राहिलं. 'प्लॅटफॉर्म' म्हणजे समुद्राकडे तोंड करून तोफा मांडायचा चौथरा. आज त्या रस्त्यावरून बंदरात जाणारे ट्रक आणि क्रूझच्या प्रवाशांच्या गाड्या सतत जात असतात. अशा गजबजाटात कुंपणाच्या आत पाऊल टाकलं आणि समोर एकदम ती हिरवळ आली. चौरस, सपाट, आणि इतकी बारीक कापलेली की गवत आहे हे कळायला खाली वाकावं लागलं.

आम्ही दाराशी घुटमळत होतो. पांढऱ्या कपड्यांतल्या एका आजोबांनी हाताने बोलावलं आणि बाकावर जागा करून दिली. भारतातून मुद्दाम आलोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं ते क्रिकेटबद्दल! साउथॅम्प्टनजवळच्याच मैदानावर २०२१ मध्ये कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना आपण न्यूझीलंडकडून हरलो, ते त्यांना पावसाच्या तपशिलासह आठवत होतं. मग त्यांनीच सांगितलं, की इंग्लंडच्या बोलिंग संघटनेचा १९०३ मधला पहिला अध्यक्ष म्हणजे क्रिकेटचा डब्ल्यू. जी. ग्रेस. मी चाटच पडलो.

थोड्या वेळाने 'सर' मंडळी आली. काळा शेपटीचा कोट, डोक्यावर उंच रेशमी टोपी, गळ्यात रिबिनीला पदक. ही स्पर्धा १७७६ पासून चालत आली आहे. जो जिंकतो तो 'नाइट ऑफ द ओल्ड ग्रीन' होतो आणि या कुंपणाच्या आत त्याला कायम 'सर' म्हणतात. राजघराण्याने दिलेली ही पदवी नव्हे. खेळणाऱ्यांनीच खेळणाऱ्याला दिलेला मान आहे. एकदा सर झालेल्याला पुन्हा स्पर्धेत उतरता येत नाही. पुढे त्याने पंच म्हणून उभं राहायचं. जुन्या विजेत्याने बाजूला होऊन नव्याचं माप काढायचं, ही रीत मला फार आवडली.

खेळ असा. 'जॅक' नावाचा छोटा गोळा हिरवळीवर ठेवतात आणि आपले मोठे गोळे घरंगळवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे असतात. इथे जॅक एका पेनीच्या नाण्यावर ठेवतात. गोळ्याचा धक्का बसून तो हलला तर पेनीची जागा कायम असते, तिथेच परत ठेवायचा. अंतराचा निवाडा सर लोक करतात. आधी सात गुण मिळवील तो जिंकला. ऐकायला वाटतं तासाभरात आटपेल, पण खेळणारे बरेच आणि गुण मिळतो एखाद्यालाच, त्यामुळे स्पर्धा एका दिवसात संपेलच असं नाही.

पहिला गोळा सुटला आणि सौ. म्हणाली, "अहो, याने तर भलतीकडेच टाकला!" गोळा जॅकच्या उजवीकडे हातभर लांब निघाला होता. शेजारचे आजोबा हसून म्हणाले, थांबा. वेग जसजसा कमी झाला तसतसा तो गोळा डावीकडे झुकायला लागला, मग अधिकच झुकला आणि शेवटच्या दोन-तीन हातांत मोठी कमान घेत जॅकच्या पुढ्यात येऊन विसावला. सगळी गंमत यातच आहे. गोळा पूर्ण गोल नसतो, एका अंगाला किंचित कमी घडवलेला असतो, त्यामुळे वेग असताना सरळ जातो आणि वेग ओसरला की त्या अंगाला वळतो. वळायची बाजू कळावी म्हणून गोळ्यावर लहान-मोठी वर्तुळं कोरलेली असतात. म्हणजे नेम जॅकवर धरायचाच नाही. जिथे काहीच नाही अशा जागेवर धरायचा, आणि हिरवळ किती ओली, वारा कुठला, याचा हिशेब मनात ठेवायचा. त्या दिवशी सकाळचे गोळे पावसाच्या ओलीमुळे अलीकडेच थांबत होते. दुपारी ऊन पडल्यावर तेच हात वापरणारे खेळाडू जॅकच्या पुढे जायला लागले.

आजोबांनी घरून आणलेला एक जुना लाकडी गोळा सौ.च्या हातात दिला. आता गोळे कृत्रिम मिश्रणाचे असतात. पूर्वी ते लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे करत. हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. तपकिरी-काळपट रंग, अंगठा टेकतो तिथे हाताच्या घामाने आलेली चकाकी, आणि कोरलेल्या वर्तुळाच्या कडा झिजून मऊ झालेल्या. आजोबांच्या वडिलांचा गोळा होता तो. सौ.ने दोन्ही हातांनी धरून परत दिला, देवाच्या टाकासारखा.

दुपारी एक डाव अटीतटीला आला. दोन गोळे जॅकपासून सारख्याच अंतरावर दिसत होते. एक सर पुढे आले, वयाने पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांनी टोपी काढून दुसऱ्याच्या हातात दिली, खिशातून रुमाल काढून हिरवळीवर पसरला आणि त्यावर गुडघा टेकला. दोरी ताणून एकीकडचं माप घेतलं, मग दुसरीकडचं, आणि पुन्हा पहिल्याचं. तोवर खेळाडू लांब उभे. कुणी पुढे झालं नाही, कुणी सुचवलं नाही. बोट एका गोळ्याकडे गेलं आणि हरलेल्या बाजूनेच आधी टाळ्या वाजवल्या.

या ग्रीनवर लोक एवढे जीव का लावतात ते तेव्हा समजलं. १२९९ मधली इथली कुठलीही वस्तू जागेवर शिल्लक नाही. गवत तेव्हाचं नाही, गोळे तेव्हाचे नाहीत, भोवतालची घरं तर नाहीतच. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग यांनी केलं ते १८३० मध्ये. त्याआधी विळे आणि मेंढ्या यांच्यावरच भिस्त होती. शिल्लक राहिलं ते एवढंच की या चौकोनात खेळायचं आणि दुसरं काही करायचं नाही. बंदरालगतच्या, सोन्याच्या भावाच्या जागेत शतकानुशतकं हे पाळलं गेलं, कारण प्रत्येक पिढीत ती कापणारी आणि तिच्यावर खेळणारी माणसं होती.

वाटेत कायदाही आडवा आला. धनुर्विद्येचा सराव सोडून लोक गोळे खेळत बसतात म्हणून आठव्या हेन्रीने १५४१ मध्ये कारागीर, मजूर, नोकरचाकर यांना हा खेळ नाताळ सोडून मना केला. श्रीमंतांना परवान्याची वाट होती. तो कायदा १८४५ पर्यंत पुस्तकात होता. म्हणजे ही नाइटहूड स्पर्धा सुरू झाली तेव्हाही, लेखी पाहिलं तर, सामान्य माणसाला गोळा हातात घ्यायची बंदीच होती.

जेवणाचं म्हणाल तर क्लबातल्या बायकांनी चहा, चीज-लोणच्याची सँडविचं आणि मनुका घातलेला केक दिला. लोणचं म्हणजे आपलं नव्हे, गोडसर आंबट चटणीसारखं. सौ. शाकाहारी, तिला ते मनापासून आवडलं.

*जाणाऱ्यांसाठी :* खेळ चालू असताना बाकावरून उठबस करू नका, गोळा थांबेपर्यंत बोलू नका. हिरवळीच्या कडेची पन्हळ ओलांडायची नाही. सपाट तळाच्या बुटांशिवाय आत कुणालाच सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फोटो काढण्याआधी विचारा, सगळे आनंदाने उभे राहतात. छत्री आणि शाल दोन्ही सोबत असू द्या.

गुरुवार : गॉड्स हाऊस आणि फ्रेंच स्ट्रीट

स्पर्धेचा पुढचा भाग दुपारनंतर बघायचा म्हणून सकाळ ग्रीनच्या शेजारात घालवली. ही हिरवळ मुळात कुणाची, तर 'गॉड्स हाऊस' या धर्मशाळेची. गर्वेस ल रिश नावाच्या श्रीमंत माणसाने बाराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. समुद्रापलीकडून येणारे यात्रेकरू विंचेस्टरला संत स्विदनच्या दर्शनाला जात, त्यांची इथे सोय होई. आजारी, निराधार माणसंही राहत. धर्मशाळेच्या प्रमुखाचं जे आवार होतं तिथे लोक गोळे खेळू लागले, तेच हे ग्रीन. चौदाव्या शतकात धर्मशाळा ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजकडे गेली.

विंकल स्ट्रीटवर धर्मशाळेचं सेंट ज्युलियनचं छोटं चर्च उभं आहे. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. पाचव्या हेन्रीविरुद्ध १४१५ मध्ये कट केल्याबद्दल मारलेल्या केंब्रिजच्या अर्लला इथेच पुरलं आहे. पुढे १५६७ पासून धर्मछळाला कंटाळून आलेले फ्रेंच बोलणारे प्रोटेस्टंट या चर्चमध्ये प्रार्थना करू लागले. ज्या गावाला फ्रेंचांनी जाळलं त्याच गावाने सव्वादोनशे वर्षांनी फ्रेंच बोलणाऱ्यांना हक्काचं देऊळ दिलं. बंदरांच्या गावांचं मन मोठं असतं, असं मला वाटतं.

लागूनच गॉड्स हाऊस टॉवर. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा बुरूज मुद्दाम तोफांसाठी बांधला होता, आणि इंग्लंडमधल्या तशा पहिल्या बांधकामांत त्याची गणना होते. पुढे तो तुरुंग झाला, मग पुराणवस्तू संग्रहालय, आणि २०१९ मध्ये कलादालन. एवढे पेशे त्याने बदलले तोवर पलीकडच्या हिरवळीने एकही बदलला नाही.

तिथून फ्रेंच स्ट्रीटवरचं 'मिडिव्हल मर्चंट्स हाऊस'. हे चुकवू नका. जॉन फॉर्टिन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने १२९० च्या सुमारास बांधलेलं घर, म्हणजे ग्रीनचं समवयस्कच. खाली तळघरात पिंपं, रस्त्याकडे दुकान, मागे उंच छताचा दिवाणखाना, वर झोपायच्या खोल्या. तळघर थंडगार. पायऱ्या उतरताना जुन्या वाड्यातल्या बळदाची आठवण झाली. आता 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेच्या देखभालीत आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, तेव्हा वेळ आधी बघून जा.

मग सेंट मायकेल चर्च. नॉर्मन काळातलं, आणि आत बेल्जियमच्या तूर्ने गावचं काळ्या दगडाचं बाप्तिस्म्याचं पात्र. त्यावर कोरलेले विचित्र पंखवाले प्राणी सौ. बोटाने गिरवत बसली. दुसऱ्या महायुद्धात या गावावर फार बॉम्ब पडले. १९४० च्या नोव्हेंबरअखेरच्या दोन रात्रींत हाय स्ट्रीट जवळपास बेचिराख झाला. सेंट मायकेल वाचलं. हाय स्ट्रीटवरचं होलीरूड चर्च मात्र ३० नोव्हेंबरला कोसळलं. त्याच्या भिंती आणि मनोरा तसेच ठेवून आत व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक केलं आहे.

ही पडझड पाहून दुपारी पुन्हा ग्रीनवर गेलो तेव्हा कालचे आजोबा त्याच बाकावर होते. युद्धाचं विचारलं. त्यांचा जन्म नंतरचा, पण वडील सांगायचे, की बंदर एवढं जवळ म्हणजे रोज रात्री इथलेच लोक आधी तळघरात जात. आजोबांनी जास्त काही सांगितलं नाही. खेळ चालू होता.

*जाणाऱ्यांसाठी :* जेवायला ऑक्सफर्ड स्ट्रीट गाठा, ग्रीनपासून पायी पाच-सात मिनिटं. मासे खाणाऱ्यांनी हॅडॉक आणि चिप्स घ्यावेत, वर माल्ट व्हिनेगर. शाकाहाऱ्यांना भाजलेला बटाटा, वर बीन्स आणि चीज, हा खात्रीचा पर्याय. किनाऱ्यावर उघड्यावर खाऊ नका, सीगल हातातून उचलून नेतात. भाचीच्या चिप्स गेल्याच.

शुक्रवार : गोदीकडे

ग्रीनसमोरच्या क्वीन्स पार्कमधून पलीकडे गेलं की गोदीचा कॅन्यूट रोड. १० एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक इथल्या ४४ नंबरच्या धक्क्यावरून सुटलं. आत जाता येत नाही, ती चालू गोदी आहे. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी याच गावचे. कोळसा भरणारे, भट्टीवाले, वाढपी. साउथॅम्प्टनच्या पाचशेहून जास्त घरांतलं माणूस परत आलं नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'ग्रेप्स' या दारूच्या दुकानात स्लेड बंधू जरा जास्त वेळ बसले, धक्क्यावर उशिरा पोचले, जहाज चुकलं आणि जीव वाचला. ते दुकान अजून चालू आहे.

उत्तरेला ईस्ट पार्कमध्ये टायटॅनिकच्या इंजिनिअरांचं स्मारक आहे. जहाज बुडेपर्यंत दिवे लागते ठेवणारे हे लोक, त्यांतला एकही वाचला नाही. जवळच्या सीसिटी संग्रहालयात जमिनीवर गावाचा मोठा नकाशा काढून खलाशांची घरं दाखवली आहेत. तो नकाशा बघताना लक्षात आलं की परवापासून आपण चाललो त्या गल्ल्यांवरही ठिपके आहेत. सौ. तिथे फार वेळ थांबली.

गाडी संध्याकाळची होती, म्हणून जाताना ग्रीनवर डोकावलो. स्पर्धा आदल्या दिवशीच उशिरा संपली होती. रोजच्यासारखा सराव चालला होता, कोट-टोपी कुणाच्याच अंगावर नव्हती. आजोबांनी नव्या विजेत्याची ओळख करून दिली. तिशीतला उंच तरुण, लाजत होता. आजोबांनी त्याला हाक मारली तीही "सर" अशीच. सौ.ने त्याच्या हातात भाचीने केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्याने एक तोंडात टाकला आणि डबा सगळ्यांत फिरवला. आजोबांनी दोन घेतले.

*जाणाऱ्यांसाठी, शेवटचं :* ऑगस्टचा बुधवार जमणार नसेल तरी हरकत नाही. बाहेरच्या हिरवळीवरचा खेळ एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत चालतो, तेव्हा कुठल्याही कोरड्या दुपारी जा. हिवाळ्यात ग्रीनला विश्रांती असते, कुंपणाबाहेरूनच बघावं लागेल. आणि डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डला गेलात तर तिथलंही ग्रीन पाहा. ते लोक आपलं ग्रीन १२९४ चं असल्याचं सांगतात. साउथॅम्प्टनच्या आजोबांकडे हा विषय काढायचा असेल तर चहा पिऊन झाल्यावर काढा, निदान तासभर लागतो.